साळ्याच्या नावावर गाडी घेऊ का?

पत्राचा आशय: वरूड तालुक्यातल्या एका शेतकरी भावांचं पत्र आहे. वय ४२, शेती १२ एकर, त्यातली ७ एकर संत्रा. यंदा मृगाचा बगीचा बऱ्या भावात गेला. आईचा नागपूरला उपचार सुरू आहे आणि महिन्यातून दोनदा भाड्याची गाडी करावी लागते, म्हणून पाडव्याला घरातली पहिली कार घ्यायची ठरली आहे. शोरूममध्ये पेट्रोल गाडीची किंमत ८ लाख सांगितली, पण हातात आलेल्या कोटेशनचा आकडा ९,८१,८००. वरचे १,८१,८०० कसले, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "सगळा सरकारचा टॅक्स आहे." साळे पांढुर्ण्याला राहतात. ते म्हणतात, "मध्य प्रदेशात टॅक्स कमी आहे, माझ्या नावावर घ्या, २४ हजार वाचतील." यांनी का-कू केली तर पत्नी म्हणाली, "माझ्या भावावर विश्वास नाही का?" एका मित्राने तिसराच मार्ग सांगितला: गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावावर गाडी घ्या, सूट मिळते. पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. टॅक्सच्या नावाखाली आपल्याला लुटताहेत का? आणि साळ्याच्या नावावर गाडी घ्यावी का?

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतच्या कोटेशनचा फोटो मोठा करून चारदा. मी विदर्भातल्या तालुक्यांच्या गावांत बरीच वर्षं बँकेच्या कर्जाच्या टेबलावर बसले आहे. असे कागद शेकड्याने पाहिलेत. म्हणून आधी कागदाचंच बोलते, साळेभाऊंकडे मग येऊ.

तुमच्या दोन्ही प्रश्नांमागे एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात. ८ लाखांच्या वर जे काही लागतं तो सगळा टॅक्स, आणि म्हणून पैसे वाचवायचे तर टॅक्सच वाचवायचा. शोरूममधल्या माणसाने हे एका वाक्यात तुमच्या मनात बसवलं. कोटेशन वेगळंच सांगतं.

फोटोत दुसरी ओळ आहे, "आरटीओ व इतर ९८,५००". ही ओळ सोडवून बघा. महाराष्ट्रात माणसाच्या स्वतःच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के वाहन कर लागतो. ८ लाखांचे झाले ८८,०००. त्या करावर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर, म्हणजे १,७६०. नोंदणीची फी ६००, आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, स्मार्ट कार्डाचे २००, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १,५००. बेरीज ९२,०६०. कोटेशनमध्ये आहेत ९८,५००. मधले ६,४४० कुठे गेले? ते त्या "व इतर" या दोन शब्दांत बसले आहेत. तुमच्या पूर्ण कागदावरचे हे सगळ्यात महाग दोन शब्द आहेत आणि त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं असा दोष मी देत नाही. माझी स्वतःची पहिली गाडी घेताना मीही अशीच एक ओळ न विचारता भरून आले होते, आणि तेव्हा मी बँकेत नोकरीला होते.

आता खाली उतरा. विमा ४७,८००. अॅक्सेसरीज किट १४,९००. एक्स्टेंडेड वॉरंटी १३,५००. हँडलिंग ६,५००. फास्टॅग ६००. यातलं सरकारचं काय? सरकारचा आग्रह फास्टॅगचा आणि विम्याचा आहे, विम्यातही थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या कारला हा विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर केंद्र ठरवतं. २०२२ साली ठरलेल्या दरांत १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला ३ वर्षांचे १०,६४० होते, वर जीएसटी. ती रक्कम कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तेवढीच. उरलेला मोठा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, आणि तिथे दर कंपनीगणिक वेगळे असतात. शोरूममधूनच विमा घ्या असं कुठलाही कायदा म्हणत नाही. त्याच गाडीचा, तेवढ्याच किमतीचा, तसाच झीरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारा) विमा बाहेरून किती पडतो ते दोन ठिकाणी विचारा आणि तो कागद घेऊन शोरूममध्ये जा. बहुतेक वेळा तिथल्या तिथेच आकडा खाली येतो.

हँडलिंग नावाची फी वाहन कायद्यात कुठेही नाही. अॅक्सेसरीज आणि वॉरंटी तुमची मर्जी. सीट कव्हर अमरावतीच्या बाजारात मिळतात, मडफ्लॅपही मिळतात.

म्हणजे "व इतर"चे ६,४४०, किट, वॉरंटी आणि हँडलिंग धरले तर ४१,३४० रुपये होतात, आणि विम्यात जे सुटेल ते वेगळं. साळेभाऊ ज्यासाठी तुम्हाला पांढुर्ण्याला बोलावताहेत ती रक्कम २४ हजार. आणखी एक हिशेब मांडते, कारण कर्जाच्या टेबलावर लोक हाच विसरतात. हे ४१ हजार तुम्ही "ऑनरोड" कर्जात धरून घेतले आणि साडेनऊ टक्क्यांनी ७ वर्षं फेडले, तर हातातून जवळपास ५७ हजार जातात. सीट कव्हरवर ७ वर्षं व्याज भरणारी माणसं मी पाहिली आहेत.

तर लुटताहेत का? ८८ हजारांत तरी नाही. तो कर खरा आहे, १९५८ च्या महाराष्ट्र मोटार वाहन कर कायद्याखाली घेतला जातो आणि सरकारी तिजोरीतच जातो. त्यात घासाघीस होत नाही. घासाघीस उरलेल्या ओळींत होते, आणि नेमक्या त्याच ओळी "सगळा टॅक्स आहे" म्हणून झाकून ठेवल्या होत्या.

तुम्ही पत्रात एक वाक्य रागाने लिहिलं आहे. आमच्या पांदण रस्त्यावरून पावसाळ्यात बैलबंडी जात नाही, मग रोड टॅक्स कसला घेता? हा राग मला खोटा वाटत नाही. कागदोपत्री या कराचं नाव "मोटार वाहन कर" आहे. रोड टॅक्स हे आपण लोकांनी दिलेलं नाव, म्हणून तो आपल्या रस्त्यासाठीच आहे असं वाटतं. तो राज्याच्या उत्पन्नात जमा होतो आणि तिथून कुठे खर्च करायचा ते सरकार ठरवतं. तुमच्या पांदण रस्त्याचा प्रश्न ग्रामसभेत आणि आमदारांपुढे जोरात मांडलाच पाहिजे. शोरूमच्या काउंटरवर तो सुटणार नाही एवढंच. दुसरी एक टोचणारी गोष्ट मीच सांगते. ८ लाखांच्या किमतीत जीएसटी आधीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तरी ८ लाखांत तो १,२२,००० च्या आसपास भरतो, आणि ११ टक्के वाहन कर त्या रकमेवरही लागतो. करावर कर म्हणजे हाच. तुमच्या गाडीपुरता तो १३ हजारांच्या वर जातो. हे मला व्यक्तिशः पटत नाही, पण नियम तसा आहे आणि बजेट आखताना तो धरूनच चालावं लागेल.

राज्याराज्यांत फरक का, तेही सांगते, कारण साळेभाऊंच्या सल्ल्याचं मूळ तिथेच आहे. नोंदणीची फी केंद्राच्या नियमांनी ठरते, ती वरूडला तेवढीच आणि पांढुर्ण्यालाही तेवढीच. जीएसटी देशभर एक. वाहनांवरचा कर मात्र राज्यघटनेने राज्यांच्या यादीत टाकला आहे, म्हणून प्रत्येक राज्य आपापला दर ठरवतं. पांढुर्णा तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथली माणसं मराठी बोलतात, तिथे संत्रा आहे, सोयरिकी आहेत. वागण्याबोलण्यात सीमा जाणवतच नाही. कराच्या कागदावर ती पक्की आहे.

मोटार वाहन कायद्याचं ४० वं कलम म्हणतं की मालकाचं घर किंवा धंद्याची जागा, जिथे गाडी एरवी ठेवली जाते, ज्या राज्यात असेल तिथे तिची नोंदणी व्हावी. तुमची गाडी उभी राहणार वरूड तालुक्यातल्या तुमच्या वाड्यात. ४७ वं कलम म्हणतं की दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांच्या वर इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. तेव्हा मध्य प्रदेशातून एनओसी (ना हरकत पत्र) आणा, महाराष्ट्रात गाडीच्या वयाप्रमाणे कर भरा, आणि तिकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिकडच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढा. संत्र्याच्या तोडणीचे दिवस सोडून हे करायला तुमच्याकडे किती दिवस आहेत, ते तुम्हीच मोजा. एमपी पासिंगच्या गाड्या आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतात हे मलाही दिसतं. पण नाक्यावर अडवलं तर तुम्ही काय सांगणार, हे आधी ठरवून ठेवावं लागेल.

मला खरी काळजी याची नाही. मागे एका शाखेत असताना आमच्या एका खातेदाराने चुलतभावाच्या नावावर गाडी घेतली होती. हप्ते हा भरायचा, चालवायचा हा, डिझेल याचं. आरसीवर नाव चुलतभावाचं. दोघांचं सख्ख्या भावांसारखं होतं. चुलतभाऊ अचानक वारला. गाडी कायद्याने त्याच्या वारसांची झाली. बायको, दोन लहान मुलं आणि म्हातारी आई. कोणाच्या मनात पाप नव्हतं, तरी वारसांचे कागद, सह्या आणि बँकेचा बोजा यांत दीड वर्ष गेलं. एकदा मी वसुलीच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेले होते. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी, चाकं बसलेली, ताडपत्रीवर कोंबड्या. विमा संपला होता आणि तो नवा करायला सही कोणाची, यावर घर अडलं होतं. हप्ता मात्र दर महिन्याला जात होता.

आता वहिनींचा प्रश्न. त्यांनी विचारलं, माझ्या भावावर विश्वास नाही का? तुम्ही त्याचं उत्तर विश्वासाच्या भाषेत देत बसलात तर हे भांडण पाडव्यापर्यंत पुरेल. प्रश्न उलटा करून बघा. भावाने तुमच्यासाठी केवढी जोखीम उचलावी? गाडी त्यांच्या नावावर असली की कायद्याच्या लेखी मालक ते. तुम्ही नागपूरला जाताना वेग वाढला तर ई-चलानाचा मेसेज पांढुर्ण्यात त्यांच्या मोबाईलवर वाजणार. अपघातात कोणाला लागलं तर नोटीस त्यांच्या नावाने निघणार. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक म्हणून जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केलं आहे. ती गाडी तर विकलेलीही होती, फक्त कागदावर नाव बदललं नव्हतं. विमा संपलेला असताना काही घडलं तर भरपाईचा बोजा कोणावर येईल? ज्या माणसाने २४ हजार वाचावेत म्हणून प्रेमाने नाव दिलं, त्याच्यावर.

वहिनींना हे असं सांगा: "तुझ्या भावाचं नाव मी यासाठी घेत नाही की माझ्या चुकीचा कागद त्याच्या दारात जायला नको." आणि साळेभाऊंना स्वतः फोन करा, निरोप धाडू नका. म्हणा, "दादा, तुम्ही मनावर घेतलंत ते पोचलं. गाडी माझ्याच नावावर करतो, पण शोरूमला कोटेशन घासायला तुम्ही सोबत या." माणसाला मदत करायची असते. त्याला दुसरी, खरी मदत सांगितली की वाईट वाटायचं प्रमाण बरंच कमी होतं.

मित्राच्या सल्ल्यावर फार वेळ घालवत नाही. कंपनीच्या नावावर कार घेतली तर महाराष्ट्रात कर सरळ २० टक्के आहे. तुमच्या गाडीला १,६०,०००. शिवाय गाडी कंपनीच्या मालकीची होईल, तुमची नाही. ते सोडूनच द्या.

मग पैसे वाचवायचे सरळ मार्ग आहेत का? आहेत, आणि ते तुमच्यासारख्या इतरांच्याही कामाचे आहेत.

इंधन ठरवताना कर बघा. १० लाखांच्या आतल्या डिझेल कारला १३ टक्के लागतात, म्हणजे ८ लाखांवर १,०४,०००. सीएनजी कारला १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढला, तरी तो ८ टक्केच आहे, म्हणजे ६४,०००. पेट्रोलपेक्षा २४,००० कमी. साळेभाऊ जेवढे वाचवून देत होते बरोबर तेवढेच, तेही स्वतःच्या नावावर आणि महाराष्ट्राच्या नंबरावर. फक्त सीएनजी मॉडेलची मूळ किंमत जास्त असते, आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर पंप कुठे आहे, रांग किती असते, हे आधी एकदा स्वतः जाऊन बघा. आईला गाडीत बसवून रांगेत थांबायचं नाही. विजेवरच्या कारला राज्यात वाहन कर माफ आहे, पण मूळ किंमत आणि गावातली वीज दोन्ही धरून विचार करावा लागेल. नागपूरला जाऊन-येऊन चार्जिंगची सोय काय, हे ठरल्याशिवाय तुमच्या कामासाठी मी तिचं नाव घेणार नाही.

किंमत १० लाखांच्या काठावर असेल तर फार जपा. हे तुम्हाला लागू नाही, पण ज्यांना वरचं मॉडेल खुणावतं त्यांच्यासाठी सांगते. १० लाखांच्या वर गेलं की पेट्रोलला १२ टक्के, आणि तेही पूर्ण किमतीवर. ९,९९,००० च्या गाडीला कर १,०९,८९०, आणि १०,०५,००० च्या गाडीला १,२०,६००. किमतीत फरक ६ हजारांचा, करात जवळपास ११ हजारांचा. शिवाय १० लाखांच्या वर शोरूमवाले १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा इन्कम टॅक्स, घेतात. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं की वळता करता येतो किंवा परत मिळतो. शेतीचंच उत्पन्न आहे म्हणून रिटर्न न भरणारे आपले लोक हे पैसे सोडून देतात.

वापरलेली गाडी हा मार्ग तुम्ही पत्रात विचारातच घेतलेला नाही. आपल्याकडे पाडव्याला जुनी गाडी आणणं कमीपणाचं वाटतं, ते मला माहीत आहे. तरी ऐका. नव्या कारचा एकरकमी कर पहिल्या मालकाने भरलेला असतो. महाराष्ट्राच्याच पासिंगची तीन-चार वर्षांची गाडी घेतली तर तो पुन्हा भरावा लागत नाही, नाव बदलायची फी काही शे रुपयांचीच असते. बघायचं एवढंच की आधीच्या बँकेचा बोजा उतरला आहे का, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या का, चलानं थकली आहेत का, आणि विमा तुमच्या नावावर आला का. नाव बदलल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका. महिन्यातून दोन नागपूर फेऱ्या आणि आठवड्याचा वरूडचा बाजार, एवढ्या वापराला ८ लाखांची नवी गाडीच हवी का, यावर एक संध्याकाळ घरात बसून बोला. तुम्ही नवीच घेतलीत तरी मला गैर वाटणार नाही. १२ एकर कसणाऱ्या माणसाला घरात नवी गाडी आणायची हौस असू शकते.

एक लहान शंकाही मिटवते. तुम्ही विचारलंत, नागपूरच्या शोरूममधून घेतली तर कर बदलतो का? नाही. राज्यभर दर एकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत नोंदणी करता येते, त्यामुळे अमरावतीचा एमएच २७ हवा की नागपूरचा एमएच ३१, हा आवडीचा प्रश्न आहे. जिथे भाव आणि सर्व्हिस बरी, तिथे घ्या.

आता पुढच्या आठवड्याचं काम. शोरूमला जा आणि कोटेशन फोडून मागा. मूळ किंमत, वाहन कर, उपकर, नोंदणी फी, बोजा, विमा, प्रत्येकाची वेगळी ओळ. "व इतर" नको म्हणून सांगा. सेल्समनवर आवाज चढवायची गरज नाही, तो पोरगाही कुठल्या तरी गावचाच असतो आणि त्याला वरून टार्गेट असतं. फक्त विचारा, "कराची सरकारी पावती मला मिळेल ना?" ती परिवहन खात्याच्या "वाहन" पोर्टलवर गाडीच्या नंबराने निघते आणि त्यावर नेमका आकडा असतो. ही पावती मागणार हे कळलं की "व इतर" आपोआप आटतं. बुकिंगची रक्कम देताना ती परत मिळण्याची अट लेखी घ्या. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते चासी नंबराबरोबर लिहून घ्या, कारण मार्चमध्ये मागच्या वर्षीचा माल सणाच्या गर्दीत खपवला जातो.

आणि पाडव्याची घाई त्यांची असू द्या, तुमची नको. कर भरणं, विमा आणि नंबर हे सगळं सणाच्या चार दिवस आधी उरकलं तरच त्या दिवशी किल्ली घ्या. नाही उरकलं तर गाडी अक्षय तृतीयेला आणा. तोवर आईच्या दोन फेऱ्या भाड्याच्या गाडीने होतील.

नवं कोटेशन हातात आलं की त्याचाही फोटो पाठवा.